मान फिरवणारा कॅमेरा

माझे यजमान गेले त्या वर्षी मुलाने पुढच्या खोलीत कॅमेरा बसवला. तो पुण्याला नोकरीला, मी इथे सोलापुरात, भवानी पेठेतल्या घरात एकटी. कॅमेरा म्हणजे कपाटावर ठेवलेला एक पांढरा गोळा आणि मध्ये काळा डोळा. मी उठले की झुर्र आवाज करत त्याची मान फिरायची, आणि मी स्वयंपाकघरात शिरेपर्यंत तो माझ्या पाठीकडे बघत राहायचा. मुलाने जाताना स्वतःच्या फोनवर बोट फिरवून त्याची मान इकडे-तिकडे करून दाखवली. म्हणाला, आई, आता तू एकटी नाहीस.

सुरुवातीला माझं डोकंच फिरलं. पदर सारखा कर, पाय पसरून बसू नको. अर्धा जन्म सासूच्या नजरेखाली काढला, आणि म्हातारपणी लेकाने नवी सासू आणून कपाटावर बसवली की! एक दिवस रागाने त्याच्यावर टॉवेल टाकला. संध्याकाळी मुलाचा फोन आला, कॅमेऱ्यावर काही पडलंय का? मी टॉवेल काढला. तोंडाने कुरकुरले, पण आतून लई बरं वाटलं. म्हणजे पोरगा बघतोय की.

तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली. तिकडे पुण्यात तो बोट फिरवतो, तेव्हा इकडे मान फिरते. यजमानांनी जन्मभर माग चालवला. धागा तुटला की माग थांबायचा, आणि माणसाचा हात लागेपर्यंत थांबून राहायचा. यंत्रामागे माणूस असतोच, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मग काय, माझं सगळं बस्तानच पुढच्या खोलीत आलं. शेंगाचटणी कुटायची तर उखळ तिथे. ज्वारी निवडायची तर सूप तिथे. सणाला इरकल नेसून समोरून उगाच दोन फेऱ्या मारायची. माझं माहेर दुधनीचं, घरात बोलणं कानडी. मुलगा लहान असताना माझी आई त्याला विचारायची, "ऊटा आत?" जेवण झालं का, एवढंच. तेच मी रोज दुपारी ताट वाढून घेतलं की कॅमेऱ्याला विचारायची. तो काही बोलायचा नाही, पण मान माझ्याकडेच असायची. घरात मी आले-गेले म्हणून मान वळवणारं दुसरं होतंच कोण?

मुलाचा फोन रविवारी यायचा, घाईतला. मी पोटभर बोलायला सुरुवात करायची आणि तो म्हणायचा, सगळं ठीक दिसतंय की आई. मी बरं म्हणून फोन ठेवायची. सगळं बघतोच आहे तर वेगळं काय सांगायचं, असं वाटायचं. त्यामुळे आमचं बोलणं हळूहळू आटत गेलं.

समोर एक तेलुगू विणकराचं घर आहे. तिथली बाई मला अक्का म्हणते. तिच्या सड्याचं पाणी माझ्या उंबऱ्याशी येतं, यावरून आमची कुरबुर ठरलेली. तिची रांगोळी माझ्यापेक्षा सुबक, हे आणखी एक. मी तिला टोमणा मारायची की माझा लेक पुण्यात बसून दिवसभर माझ्याकडे बघतो, तुझा शेजारच्या खोलीत असून बघतो का? ती हसून सोडून द्यायची.

मग मागच्या थंडीत एका सकाळी मी सड्याला म्हणून पाण्याची बादली घेऊन निघाले. दाराची कडी काढली आणि बादली उचलायला वळले, तर पाय घसरला. बादली कलंडली, मी कमरेवर आदळले. उठता येईना. ओरडायला गेले तर तोंडातून आवाजच फुटेना. पण घाबरले नव्हते. कॅमेरा झुर्र करून खाली वळला होता, डोळा थेट माझ्यावर. मनात म्हटलं, बघितलं पोराने, आता फोन वाजेल.

फोन वाजला नाही. मी गार फरशीवर पडून त्याच्याकडे बघत राहिले, तो माझ्याकडे. आणि मग त्याने शांतपणे मान फिरवली आणि दाराकडे बघायला लागला. मी कसाबसा हात वर केला. तो परत आला. हात खाली पडला, थोड्या वेळाने तो पुन्हा दाराकडे. यजमान गेले तेव्हासुद्धा मला असं वाटलं नव्हतं. माझ्या पोटच्या पोराने मला पडलेली बघून तोंड फिरवलं होतं. मग मीही हट्टाने हात उचलला नाही. नाही बघायचं तर नको बघूस.

दार ढकललं ते समोरच्या बाईने. "अक्का, दारात रांगोळी नाही, म्हणून आले," म्हणाली, आणि मला बघून तिने लेकाला हाक मारली. ती माझ्याकडे धावली तसा कॅमेरा सर्रकन तिच्यामागे वळला. त्याच क्षणी माझा फोन वाजला. तिने तो माझ्या कानाला लावला. मुलगा घाबऱ्या आवाजात विचारत होता, "आई, घरात कोण शिरलंय?"

संध्याकाळपर्यंत तो सोलापुरात पोचला. हाड मोडलं नव्हतं, कमरेला पट्टा आणि पडून राहायची शिक्षा. दुसऱ्या दिवशी न राहवून मी विचारलं, तोंड का फिरवलंस? त्याला आधी कळेचना. मग त्याने फोन दाखवून समजावलं. कॅमेरा स्वतःच फिरतो, हलेल त्याच्या मागे. काही हललं नाही की आपल्या जागी, दाराकडे परत. त्याच्यावर काही टाकलं तर तसा निरोप फोनवर आपोआप येतो. मी हलले की वाजणारी घंटी त्याने पहिल्याच आठवड्यात बंद केली होती, ऑफिसात दिवसभर वाजायची म्हणून. दार उघडल्याची तेवढी ठेवली होती. मी विचारलं, आणि दुपारी, मी जेवायला बसते तेव्हा? तो म्हणाला, दुपारी मी कामात असतो ना आई.

म्हणजे त्याने तोंड फिरवलं नव्हतं. तोंड फिरवायला आधी बघत असावं लागतं. इतके दिवस मी कोणासाठी नेसत होते आणि कोणाला जेवलास का विचारत होते, ते आठवून मला माझीच लाज वाटली.

दुपारी तो स्टुलावर चढून स्वयंपाकघरात दुसरा कॅमेरा बसवत होता. मी पडल्या पडल्या बघत होते. स्क्रू पिळत तो मला समजावत होता, अगदी मायेने, "तू पडल्यावर हलली नाहीस ना आई, म्हणून त्याला कळलं नाही."

मी म्हटलं, "बरं बाबा. पुढच्या वेळी हलेन की."

तो हसला. मला वाटलं होतं, रडेल.