ससा एक्केचाळीस आणि इतर अर्जदार

भिवंडीत एसटी स्टँडजवळ आमचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. मी आणि जमीलभाई, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लोकांना वाटतं, आम्ही फॉर्म भरतो. खरं तर आम्ही लोकांसोबत वाट बघतो! अर्जाची पोच फाइलला लागते, पण वाट बघताना माणसं जे बोलतात ते कुठे लावणार? ते आमच्याकडेच साचत जातं.

*

दापोड्याच्या यशवंतशेठनी परदेशातून कापड विणायचे नवे लूम मागवले. मशिनं आली, पण ती बसवणारा तिकडचा इंजिनिअर येईना. त्याचा व्हिसा अडकलेला. बिहारहून बोलावलेले चार कारागीर मशिनांच्या बंद खोक्यांवर बसून चहा पीत होते.

शेठच्या वतीने मी माहितीच्या अधिकारात विचारलं, "अशा व्हिसाला जास्तीत जास्त किती दिवस लागतात?" उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं: "मुदत निश्चित नाही."

शेठनी कागद दोनदा वाचला. "बग ताई, न्हाय सांगाया एकोणतीस दिवस! हाय सांगाया किती लागतील?"

*

एक जण स्वतःच माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेऊन आला. शेवटी लिहिलेलं, "माझ्यावर दया करून कृपया लवकर कळवावे."

जमीलभाईंनी ती ओळ लाल पेनाने खोडली. "भाईजान, ये आरटीआय है, मन्नत नहीं! फाइल कोणाच्या टेबलावर, किती तारखेपासून, एवढंच विचारा. तारीख मांगो, रहम मत मांगो."

माणसाने मान डोलावली, नवीन कागद घेतला आणि पहिलीच ओळ लिहिली, "तारीख देण्याची दया करावी."

*

वडप्याचे मोरेकाका निवृत्त पोस्टमन. सून परदेशातली. तिच्या इथल्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. आठ महिने उत्तर नाही, आणि तिकडे तिची आई आजारी. जावं तर परत येता येईल की नाही, याची खात्री नाही.

काकांनी माहिती अधिकारात अर्ज केला, मग अपील केलं. सुनावणीत साहेब म्हणाले, "फाइल प्रवासात आहे."

काका उभे राहिले. "साहेब, प्रवास सुनेला करायचाय. फिरतेय फाइल!"

साहेबांना हसू आवरेना. पंधरवड्यात मुदतवाढ मिळाली. सून आईला भेटून परतसुद्धा आली. पेढे द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "मराठी जमतं का आता?"

म्हणाली, "थोडं. पहिला कठीण शब्द शिकले, 'प्रलंबित'!"

*

अंजूरच्या पार्वताआजींना मुलाकडे परदेशी जायचं होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "सुनेचं बाळंतपण." स्टेटस आलं, "अंडर प्रोसेस." ते तसंच राहिलं.

आजी दर महिन्याला रिक्षा करून यायच्या. "बाय, बारसा झाला. आता काय लिवशील?" मग, "बाय, दात आलं." मी समजावलं, "आजी, अर्ज मधेच बदलता येत नाही."

"मंग नातवालाच सांगते, जरा दमानं वाढ!"

व्हिसा शेवटी आला. आजींनी तिकडून व्हिडिओ कॉल केला. हसत होत्या, पदराने डोळेही पुसत होत्या. "बाळंतपनाला निंगालेली मी, आन् मना घ्यावला नातू चालत आला!"

*

मनीषा एका औषधांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांची देखभाल करायची. तिथे सशांवर चाचण्या व्हायच्या. नियमाने सरकारी तपासणी व्हायला हवी. तिच्या दोन वर्षांत कोणी फिरकलंच नाही. तिने नोकरी सोडली आणि तक्रार करायला आमच्याकडे आली.

पोर्टलवर रकाना होता, "बाधित व्यक्तीचे नाव." मनीषा म्हणाली, "बाधित मी नाही." तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. सशाच्या कानातल्या बिल्ल्यावर नंबर असतो, एकाचा तिला पाठ होता. नाव: ससा. आडनाव: एक्केचाळीस. मोबाइल नंबर तिचा. पोर्टलने मुकाट्याने स्वीकारलं!

दीड महिन्याने तिला मेसेज आला, "प्रिय ससा एक्केचाळीस, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." ती तो दाखवायला दुकानात आली. जमीलभाई पोट धरून हसले. ती हसली नाही. तिच्या जुन्या मैत्रिणीने कळवलं होतं, तो ससा आठवड्यापूर्वीच गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

"तक्रार कक्षातून बोलतेय. एक्केचाळीस साहेब आहेत का?"

"ते वारले."

"अरेरे. फीडबॅक हवा होता. तक्रार निकाली निघाली, तर समाधानी होते का?"

"नाही. तपासणीला कोणी आलंच नाही. तक्रार पुन्हा उघडा."

"त्यासाठी बाधित व्यक्तीच लागेल, मॅडम."

"आहे ना. लिहा, ससा बेचाळीस."

पलीकडे टायपिंगचा आवाज आला. "आधीच्या साहेबांशी नातं काय लिहू?"

मनीषाने डोळे पुसले. "शेजारी."