कुसुमकाकूंची पुन्हा लावलेली बाग

नागपूर मागे पडलं तशा रस्त्यावरच्या पाट्या हिंदी झाल्या, पण बसमधलं बोलणं मराठीच राहिलं. सौसरला उतरून मी मोहगावची गाडी धरली. तिथे माझ्या मैत्रिणीची आई, कुसुमकाकू, एकट्याच संत्र्याची बाग सांभाळतात.

बाग गावाबाहेर होती. फळं इतकी लगडली होती की फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. एक पन्नाशीचा माणूस ते नीट करत होता.

"हा दिवाकर. धुऱ्याला (बांधाला) लागून याचं वावर (शेत) हाय," काकू म्हणाल्या. "यानंच माही बाग कापली होती."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

भाकर आणि वांग्याचं भरीत वाढता वाढता त्यांनी सगळं सांगितलं. धुऱ्यावरच्या सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि दिवाकरनं रागात झाडांवर कुऱ्हाड चालवली. गुन्हा शाबीत झाला. शिक्षेच्या दिवशी काकूच उठून उभ्या राहिल्या. "म्या म्हटलं, साहेब, हा जेलात बसून राहीन, तं माही झाडं उभी होतीन का?" न्यायाधीशांनी त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडलं. अट एकच, बाग पुन्हा उभी करायची.

"आधी तं त्याचं तोंड पाहाले जीवावर येये. प्याले पानीबी देल्लं नाही." मग एका उन्हाळ्यात काकूंची बागेतली विहीर आटली. सामाईक विहिरीतल्या ज्या पाण्यासाठी दिवाकर भांडला होता, ते आपल्या वाट्याचंही त्यानं काकूंच्या नव्या कलमांकडे वळवलं. त्याची स्वतःची वांगी वाळून गेली.

"कोर्टानं दिलेली मुदत तर संपली असेल ना?" मी विचारलं.

"कवाच. तरी रोज येऊन राहिला."

निघताना मी दिवाकरला विचारलं, "गोड आहेत का हो फळं?"

"मले काय मालूम, ताई. खाल्लंच नाही अजून."

"का?"

"तोडाले हात धजत नाही."

काकूंनी ते ऐकलं. एक संत्रं तोडून सोललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "खा. अन् सांग कसं लागते."

तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. एकेक फोड खाऊन संपवली. मग म्हणाला, "गोड हाय, काकू."

गुन्हेगाराला नजरेआड करणं म्हणजे शिक्षा, असंच मी आजवर धरून चालले होते. काकूंनी त्याला रोज डोळ्यांसमोर ठेवलं होतं. ते त्या दोघांना किती जड गेलं असेल, याचा विचार करतच मी परतले. घरी मुलांनी काकूंनी पिशवीत दिलेली संत्री बघता बघता संपवली. ती कुणी पिकवली, असं धाकटीनं विचारलं, तेव्हा मी तिला जवळ बसवून विहिरीच्या भांडणापासून सांगायला सुरुवात केली.