हात मागे

शनिवारी सकाळी नारायण पेठेत आमच्या बालवाडीपुढे बस उभी होती, मुलं आरडाओरडा करत चढत होती आणि कुमुदताईंच्या भाच्याचा फोन आला. “मावशी गेली... पहाटे, झोपेतच.” मग म्हणाला, “आज शनिवार ना? धायरीची फेरी रद्द करायची नाही, असं बजावून ठेवलंय तिनं.” याला आता महिना होऊन गेला, पण त्या क्षणी मला ताईंचा रागच आला. माणसाला धड रडायलाही सवड द्यायची नाही, म्हणजे काय!

ही बालवाडी त्यांनीच काढलेली. दारावर त्यांच्या अक्षरात पाटी होती: ‘येथे मुलांचे कपडे मळतात. चालत नसल्यास मुलास कपाटात ठेवावे.’ मी तिथे लागले तेव्हा नुकती शिकून आले होते. मुलं रांगेत बसून गाणी म्हणतात तीच शाळा, अशी माझी पक्की समजूत. ताई मात्र दर शनिवारी चार-पाच वर्षांची ती फौज घेऊन धायरीला अण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या आमराईत जायच्या. धायरी तेव्हा गावच होतं. एकदा मुलांनी सगळी सकाळ मुंग्यांच्या मागे रांगत घालवली. दिवसाच्या वहीत ताईंनी लिहिलं, ‘आज मुंग्या.’ आम्हा शिक्षिकांना आमराईत नियम एकच होता. मूल झाडावर चढलं की खाली उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि ‘पडशील’ हा शब्द काढायचा नाही.

एका शनिवारी मुक्ताचे वडील आमच्याबरोबर आले. आदल्या आठवड्यात मुक्ताचा गुडघा फुटला होता आणि पालकांनी ठरवलं होतं, तिचे वडील एकदा बघून येतील आणि नको म्हणाले तर धायरी बंद. नेमकी मुक्ताच आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर गेली आणि अडकली. रडायला लागली. वडील धावणार तोच ताई आडव्या आल्या. “अहो, थांबा. आपण खाली आहोत ना?” मग वर बघून अगदी भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “मुक्ते, डावा पाय कुठाय तुझा? त्याच्या खाली काय दिसतंय?” मुक्ता हुंदके देत म्हणाली, “गाठ.” “मग?” बराच वेळ काहीच झालं नाही. अण्णा हळूच म्हणाले, “बाई, उतरवू का? म्या हाय की.” ताईंनी नुसती मान हलवली. मी त्यांच्या मागे उभी होते, म्हणून मला त्यांचे हात दिसले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

मुक्ताने गाठीवर पाय टेकला आणि सरपटत खाली आली. वडिलांकडे गेलीच नाही. पुन्हा वर चढली. वडील परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, “पुढच्या शनिवारी जुने कपडे घालून येतो.”

बसमध्ये मी ताईंना विचारलं, “घाबरला होतात?”

“घाबरले तर! म्हणूनच हात मागे. मोकळे असते तर मीच आधी धावले असते.”

तोपर्यंत मी त्यांना बेडर समजत होते. त्या दिवसापासून जास्त आवडायला लागल्या.

तर, ताई गेल्या त्या शनिवारी आम्ही धायरीला गेलो. आता चहूबाजूंनी इमारती आहेत, पण अण्णांच्या मुलाने तेवढी झाडं राखली आहेत. आमची नवी, छोटीशी ईरा त्याच आंब्यावर चढली आणि त्याच फांदीवर अडकली. मी खाली जाऊन उभी राहिले. हात मागे बांधले. “डावा पाय कुठाय गं?” विचारताना आवाज जमला; बाकीचं काही जमत नव्हतं. तिला गाठ सापडली. सावकाश उतरली, फ्रॉकला हात पुसले आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली,

“बाई, रडताय कशाला? मी पडले कुठे?”