कुलूपबंद घरांची दिवाळी

नानाला कुणी कधी खाली बघून चालताना पाहिलं नाही. मान वर, आणि नजर कुणाच्या पत्र्याच्या कडेला, नाहीतर कुणाच्या गच्चीच्या कठड्याला. मग रस्त्यात जे आडवं येईल त्याला तो धडकणारच. बांधलेल्या शेळीला, वाळत घातलेल्या सोयाबीनला, एकदा तर चक्क सरपंचांना. सरपंच खेकसले, "डोळे हायत का कवड्या, नाना?" नाना त्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "तुमच्या गच्चीचा ह्यो कोपरा लई झाक हाय बगा. हितनं माळ वळवली तर काय दिसंल!" सरपंच धोतर झटकत निघून गेले.

माणसांची तोंडं त्याच्या ध्यानातच राहायची नाहीत. मी बीडच्या हॉस्टेलमधून गावी आले की दर वेळी विचारायचा, "तू कुणाची गं?" मी म्हणायचे, "लिंबाखालच्या घरातली." की लगेच चेहरा उजळायचा. "हां हां! डावीकडनं पत्रा जरा खाली आलेला! बरी हायस का माय?" म्हणजे ओळख आधी पत्र्याची आणि मग माझी. मला मेलं असं वाईट वाटायचं, पण नानावर रागावून फायदा नसायचा, तोवर त्याची मान पुन्हा वर गेलेली असायची.

नाना जाऊन हे दुसरं वर्ष. पण ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना त्याचं मोठेपण कळायचं तर आमचं गाव कळायला हवं. घाटनांदूरच्या अलीकडं माळावर आमचं गाव आहे. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक येऊन उभे राहतात आणि निम्मं गाव कोयता, भांडी, लेकरं घेऊन कारखान्यांकडे निघून जातं. ज्यांची म्हातारी माणसं मागं राहतात त्यांच्या दारात दिवाळीला पणती तरी लागते. ज्यांचं सगळं बिऱ्हाडच जातं त्यांच्या दाराला कुलूप. गल्लीच्या गल्ली अंधारात. नाना मात्र कधी गेला नाही, कारण ऐन उमेदीत मळणीयंत्राच्या पट्ट्यात त्याचा पाय सापडला आणि उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. ताठ गुडघ्यानं ऊस तोडता येत नाही. मग तो घाटनांदूरच्या एका मंडपवाल्याकडं लग्नाच्या लायटिंगचं काम शिकला आणि आमचा लायटिंग नाना झाला.

एका दसऱ्याला त्यानं निघालेल्या मंडळींना सांगितलं, "चाव्या माझ्याकडं द्या. दिवाळीला तुमच्या घराला मी लाईट लावतो." ट्रकमध्ये सामान चढवणारी माणसं खो खो हसली. एकानं विचारलं, "आरं पर बगायला कोण हाय बे हितं?"

"घर हाय की," नाना म्हणाला. "सहा म्हैनं तुमची वाट बगत ऱ्हातंय ते. सणाला त्याला आंधारात कावून ठिवायचं?"

तेव्हा त्याला येड्यात काढलं सगळ्यांनी. पण चाव्या दिल्या. पुढं पुढं तर दसऱ्यानंतर नानाच्या भिंतीवरच्या खिळ्यांना चाव्याच चाव्या लटकलेल्या असायच्या, आणि कुठली चावी कुणाची हे तो न बघता सांगायचा. तोंडं विसरणारा माणूस, बघा!

माळ फेकली आणि मोकळा झाला, असला कारभार त्याचा नव्हता. ट्रक सुटायच्या आधी तो प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारायचा, "तिकडं फडात घर आठवतं तवा पैलं काय दिसतं?" आणि जे उत्तर येईल तिथूनच माळ सुरू. कुणी उंबरा सांगायचं, कुणी तुळस. एकानं गोठा सांगितला. बैल विकून जमाना झाला होता, तरी नानानं त्या रिकाम्या गोठ्याला चारी बाजूंनी लाईट केली. शेजारच्या गोदामावशीनं तर न्हाणीचा दगड सांगितला. तो घराच्या मागं, जिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. नानानं तिच्या घराची पुढची बाजू साधी ठेवली आणि सगळी शोभा त्या दगडावर उधळली. मला हे मागाहून कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "नाना, रस्त्यावरून हे कुणालाच दिसलं नसेल." तो म्हणाला, "रस्त्यासाठी लावलीच न्हाई."

त्याला शिडीवर चढताना बघणं म्हणजे जीव मुठीत धरणं. डावा पाय पायरीवर, दोन्ही हातांनी वर ओढ, मग ताठ उजवा पाय खालून उचलून आणायचा. दर पायरीला एवढी यातायात. खालून कुणी हात द्यायला गेलं तर ओरडायचा. आणि वर पोचला की तोच माणूस वेगळा दिसायचा. हात असे चालायचे की खिळा कधी ठोकला आणि माळ कधी ओवली कळायचं नाही. एकेक माळ दिवसाउजेडी लावून तपासल्याशिवाय वर न्यायची नाही, हा त्याचा नेम. लुकलुकणाऱ्या माळांचा भारी राग. "घर काय डोळं मारतंय का कुणाला?" म्हणायचा. लक्ष्मीपूजनापर्यंत अख्खी कुलूपबंद गल्ली उजळलेली असायची. मधून चालताना खरंच दडपून जायला व्हायचं म्हणे. असा रस्ता, एवढी घरं, सगळी नटलेली, आणि दारात माणूस नाही.

म्हणे म्हणते, कारण मलाही ते कधी दिसलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी हॉस्टेलमधून गावी न येता कारखान्यावर जायचे, कारण आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि आजी तिथं पाचटाच्या खोपटात, कोपीवर असायचे. तिथं नानाचा व्हिडिओ यायचा. व्हिडिओच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आणि सबंध वेळ त्याच्या धापा. तरी सगळी टोळी त्या एका मोबाईलवर तुटून पडायची. "थांब, थांब, मागं घे, आमचं घर गेलं!" बाप्येमाणसं पदराआड रडणाऱ्या बायकांना हसायची आणि स्वतः नाक शिंकरायला बाहेर जायची.

आजी मात्र चिडायची. ती आम्हा नातवंडांना सांभाळायला म्हणून टोळीबरोबर जायला लागली ती जातच राहिली. नानानं तिला त्याचा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली होती, "मला आख्खं घर दिसतं. लावायची तर आख्ख्याला लाव." नाना दर वर्षी आख्ख्याला लावायचा आणि आजीला ते बोटाएवढं दिसायचं. मोबाईलला ती डबी म्हणायची. "ह्या डबीत काय दिसतंय, माझं मढं? एक डाव डोळ्यांनी बगितल्याबिगर मी मरायची न्हाई." आम्ही म्हणायचो, मग बघूच नकोस. ती शिव्या द्यायची.

एका वर्षी कोपीवर आजीनं अंथरूण धरलं. खाणं सुटलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि दादांना बाजूला घेऊन म्हणाले, "घरी घेऊन जा." याचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. आजीलाही कळला. तिनं डोळे उघडून विचारलं, "आज काय हाय?" आई म्हणाली, "वसुबारस." आजी म्हणाली, "मग चला की लवकर. नाना शिडी घेऊन हिंडत आसंल." दुसऱ्या दिवशी पहाटे जीपमध्ये गादी टाकून निघालो. रस्ताभर दादा तिच्या नाकापाशी हात धरून बसले होते. मी मनात देवाला एकच सांगत होते, हिला घर दिसू दे, मग तुला काय करायचं ते कर.

दिवेलागणीला पोचलो. दारात पंधरावीस माणसं जमलेली, आणि ती माणसं कशासाठी जमतात हे सांगायला नको. नाना भिंतीपाशी, बटणाजवळ उभा होता. माळा चढवलेल्या होत्या, पण घर अंधारात. कारण आजीचा निरोप मिळताच आदल्या रात्री दुसऱ्या कारखान्यावरून आलेला माझा काका त्याच्यासमोर छाती काढून उभा होता.

"मरण दारात आलंय आन् तुला लायटिंग सुचतंय का बे?" काका ओरडत होता. "सकाळधरनं सांगतोय, काढ ते! लोक थुकतील आमच्या तोंडावर!"

काका दुष्ट नव्हता हो. आईच्या काळजीनं तो अर्धा झाला होता, आणि जमलेल्यांतही माना डोलावणारे होतेच. नानानं आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता हा शिडी लावणार आणि सगळं उतरवणार. मी जीपमधून उतरायला धडपडले.

नानानं विचारलं, "म्हातारी हाय ना?"

"हाय," काका म्हणाला.

"मग सुतक कुठं लागलंय? सुतक लागंस्तोवर दिवाळीच हाय."

आणि त्यानं बटण दाबलं.

मी अंबाजोगाईची, बीडची मोठमोठी दुकानं दिवाळीत झगमगताना पाहिली आहेत. पण त्या संध्याकाळी अंगावर जो काटा आला तो पुन्हा कधी आला नाही. दगडमातीच्या दोन खोल्या आमच्या. पत्र्याची कड, दोन्ही खिडक्या, चौकट, तुळस, लिंबाची पहिली फांदी, सगळं उजेडात आलं. डावीकडं खाली आलेला पत्रा त्यानं लपवला नव्हता. तिथं माळही तशीच खाली आली होती. म्हणून ते दुसऱ्या कुणाचं नाही, आमचंच घर दिसत होतं. काकासुद्धा वळून बघत राहिला.

दादांनी आजीला पाठीमागून धरून बसवलं. ती बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. आईनं वाकून विचारलं, "आत्याबाई, दिसतंय का?" मग एकदम आवाज आला, बारीक, पण खणखणीत.

"नाना."

"काय काकू?"

"खिडकीवरचे दोन लागंना झालेत की रं."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. खरंच, दोन बल्ब बंद होते. एकेक माळ तपासून वर नेणाऱ्या नानाचे! त्यानं जीभ चावली, शिडी ओढली, आणि डावा पाय, दोन्ही हात, ताठ पाय, असा वर निघाला. आजी जीपमधून दटावत होती, "हळू! पडशील मुडद्या!" दोन्ही बल्ब लागले तेव्हा ती म्हणाली, "हां. आता बरं हाय." मग आत न्यायला तिनं साफ नकार दिला. बाज अंगणात टाकायला लावली, घराकडं तोंड करून. तीन संध्याकाळी तिनं पोटभर घर बघितलं. पाडव्याच्या सकाळी गेली.

बोलवायला कुणी गेलं नव्हतं, तरी नाना शिडी घेऊन आला. सुतक लागलं होतं. त्यानं माळा उतरवायला सुरुवात केली, आणि या वेळी खाली शिडी काकानं धरली होती. नाना ओरडला नाही. सगळ्या माळा कोपराभोवती गुंडाळून झाल्यावर तो माझ्याशेजारी पायरीवर येऊन टेकला. पाय समोर ताठ. मी रडत होते.

"कावून रडतीस माय? लई झाक गेली म्हातारी."

पहिल्यांदाच त्याची नजर खाली, मातीकडं होती.

"इतकी वर्सं लावतोय मी," तो म्हणाला. "पर ज्याचं घर त्यानं समोर बसून बगितलं, हे पैल्यांदाच. आन् म्हणती काय, दोन लागंना झालेत! माझी चूक काढली तिनं." नाना हसायला लागला, आणि हसता हसता, मांडीवर त्या माळांचं भेंडोळं घेऊन, ओक्साबोक्शी रडला.