मायची चिमूटभर मिसरी

माझी माय गिरिजाबाई बदनापूरच्या शेती संशोधन केंद्राच्या रानात रोजानं खुरपायला जायची. तिचे हट्ट सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. दातांचा तेवढा सांगते, कारण त्या एका हट्टापायी मी आठ वर्षं फसले.

आमच्या वस्तीतल्या बायकांची सकाळ मिसरीशिवाय उजाडायची नाही. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा आणि डबीत भरायचा. मग दारात बसून बोटानं हिरड्यांवर घासायचा, आणि याला दात घासणं म्हणायचं. माझ्या आजीचे सगळे दात चाळिशीतच गेले. तरी तिला वाटायचं, मिसरीच कमी पडली.

एकाहत्तर साली मी नऊ वर्षांची होते. मायनं मला तिच्या डबीत बोट घालताना धरलं आणि पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. रडत रडत म्हणाले, "तू लावती की." मायनं सगळी डबी चुलीत उपडी केली. "आजपासून तू बी न्हाई अन् मी बी न्हाई. बराबर ध्यानात ठिव."

तेव्हापासून घरात दातांची शिस्त सुरू झाली. सकाळी बाभळीची काडी, चावून चावून तिचा कुंचा होईपर्यंत. काडी नसली तर कोळसा बारीक कुटून त्यात मीठ. संध्याकाळी भाकरी झाली की मिठाच्या पाण्यानं चुळा, त्याशिवाय अंथरूण नाही. मी कंटाळा केला की दंडाला चिमटा. मायही माझ्याशेजारी उभी राहून काडी चावायची. बायका तिला मास्तरीण म्हणून चिडवायच्या. मला मात्र तिचा भारी अभिमान होता. आमच्या घरात मिसरी नाही, हे मी शाळेत कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

एकोणऐंशीच्या भादव्यात माय तापानं पडली. दोन दिवसांत ताप उतरला, पण डोकं ठणकायचं थांबेना, पोट साफ होईना. जरा बोललं की खेकसायची. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी मी कामाला गेले.

दुपारी बायका बांधावर भाकरी खायला बसल्या. जेवण झाल्यावर मायची जोडीदारीण कांतामावशी हिनं मिसरीची डबी काढली, एक चिमूट बाजूला घेतली आणि सवयीनं माझ्यापुढं धरली. धरली आणि तिचा चेहराच उतरला.

"मायची?" मी विचारलं.

"रोजचीच हाय," ती हळूच म्हणाली. "तीन-चार डाव सोडून पाह्यली तिनं. हातपाय कापायचे, खुरपं धरवायचं न्हाई. मंग इथंच लावायची अन् घरी यायच्या आदुगर कडू लिंबाचा पाला चावून तोंड धुवायची. पोरीला बिलकुल कळू द्यायचं न्हाई म्हनून सांगितल्तं."

मला संताप आला. जिच्या नावानं मी आठ वर्षं मिरवले, ती रोज दुपारी मला फसवत होती. त्या रागात मी या बांधापासून त्या बांधापर्यंत आख्खी पात खुरपली. पात संपता संपता ध्यानात आलं, तीन दिवस माय मिसरीवाचून डोकं धरून पडलीय, मी समोर आहे, आणि तिनं एकदाही मागितली नाही. मग मला माझीच लाज वाटली.

मी मावशीकडून ती चिमूट कागदात बांधून घेतली आणि घरी येऊन मायच्या उशाशी ठेवली. "कांतामावशीनं दिली," एवढंच म्हणाले.

मायनं पुडीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती कशीबशी उठून बसली आणि माझी हनुवटी धरली.

"आ कर."

मी तोंड उघडलं. तिनं नाक जवळ आणून वास घेतला. बोटानं ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, आधी एका बाजूच्या, मग दुसऱ्या.

"म्या न्हाई लावली, माय," मी म्हणाले.

तिनं हनुवटी सोडली. मग पुडी उचलली आणि माझ्याकडं पाठ करून बसली.