रिव्हर्स कुणी बसवला

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो धाकट्या भावासाठी. तो बारावी सायन्स झाला होता आणि त्याला पायलट व्हायचं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा कारखाना होता, तिथं ऑईल इंजिनचे सुटे भाग व्हायचे. त्यांच्या मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं विमान चालवायच्या खेळाची सीडी आणि एक जॉयस्टिक पाठवून दिली. खेळ म्हटलेलं भावाला चालायचं नाही. "सिम्युलेटर म्हण, अक्का," असं तो मला बजावायचा.

मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. तो जेवायला किंवा क्लासला गेला की मगच मी कॉम्प्युटरला हात लावायचा, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं.

त्याचं विमान उडायचं झकास, पण उतरताना दर वेळी धावपट्टी संपवून पुढं गवतात घुसायचं. इंजिनाची ताकद कमीजास्त करायला, म्हणजे थ्रॉटलला, जॉयस्टिकच्या बुडाशी एक छोटं चाक होतं. ते शून्यावर आणलं तरी मोठं जेट विमान थांबायला तयार नसायचं. एकदा सलग सहा वेळा गवतात गेल्यावर तो खुर्ची मागं सारून उठला. "सीडीच बाद हाय," म्हणाला आणि क्रिकेट खेळायला गेला.

मी त्याच्या जागी बसले. सीडीतच इंग्रजीत माहितीची पानं होती, ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत गेले. मोठ्या विमानाची चाकं टेकली की इंजिनातून मागं जाणारी हवा पुढच्या बाजूला वळवतात, तिच्या जोरानं विमानाचा वेग मोडतो, त्याला रिव्हर्स थ्रस्ट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. जॉयस्टिकचं चाक शून्यावर आणून कीबोर्डवरचं एफ-टू दाबून धरायचं, एवढंच करायचं होतं. मी धरलं. इंजिन क्षणभर गरजलं आणि लगेच गप्प झालं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

त्यात माझे चार दिवस गेले. शेवटी पडद्यावर जॉयस्टिक जुळवायच्या खिडकीत आकडे दिसतात तिथं सापडलं. चाक शून्यावर असलं तरी आकडा स्थिर नव्हता, शून्य, दोन, एक, शून्य असा थरथरत होता. कॉम्प्युटरला वाटायचं, माणसानं चाक हलवलं. मग तो रिव्हर्स सोडून द्यायचा. खालच्या टोकाची थोडी हालचाल हिशेबात धरू नकोस, असं त्याला सांगायची सोय होती. हिशेबात न धरायची ती पट्टी जरा रुंद केली, पुन्हा विमान उतरवलं, एफ-टू दाबलं. इंजिन गरजलं आणि गरजतच राहिलं. विमान निम्म्या धावपट्टीत उभं राहिलं. मी एकटीच होते, त्यामुळे कुणाला सांगितलं नाही. पण तेच विमान मी आणखी तीनदा उतरवून बघितलं.

मग मला त्या चाकाचा कंटाळा आला. खऱ्या विमानात असतो तसा दांडा हवा होता. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना चित्र काढून दाखवलं. त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं नाही, ॲल्युमिनियमची पट्टी घासून दांडा करून दिला. जॉयस्टिक उघडून त्या चाकाखालचा कंट्रोल, रेडिओत आवाज कमीजास्त करायला असतो तसला, मी दांड्याच्या आसावर बसवला. शून्यापाशी एक खाच ठेवली. दांडा तिथं अडायचा, आणि जरा उचलून खाचेपलीकडं ओढला की खाली बसवलेल्या लिमिट स्विचवर, म्हणजे दाबलं की चालू होणाऱ्या छोट्या बटणावर, दाबला जायचा. त्या स्विचच्या तारा कीबोर्ड उघडून एफ-टूला झाळल्या, म्हणजे सोल्डर केल्या होत्या. म्हणजे आता बटण शोधायला नको. हात दांड्यावरच राहणार आणि दांडा मागं ओढला की रिव्हर्स लागणार.

भावानं तो ओढून बघितला आणि म्हणाला, "भारी हाय की, अक्का." मला तेवढं पुरलं होतं.

पुढच्या आठवड्यात आप्पांचे एक व्यापारी स्नेही घरी आले. आप्पांनी त्यांना दांडा दाखवला. "पोरानं केलंय. डोकं चालतंय त्येचं." भाऊ तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अव्वा, आमची आई, स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिलाही ठाऊक होतं. झाळकामाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, म्हणून मी मागच्या अंगणात बसून ते केलं होतं. तिनं आतून एवढंच विचारलं, "साखर पुरे हाय काय?"

दुसऱ्या राज्यातल्या एका विमान शिकवणाऱ्या संस्थेचा फॉर्म भावासाठी घरी आला तेव्हा मी आप्पांना विचारलं, "आप्पा, मी बी भरू काय फॉर्म? पोरी बी चालवत्यात आता विमान."

ते चिडले असते तर मला काही तरी बोलता आलं असतं. ते हसले. "तुझं शिक्षण झालं की. आता पावणं बघायचं चाललंय. इमानात बसशील की नवऱ्यासंगं." हसता हसता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला आजही राग येतो.

संस्थेच्या मुलाखतीला जाताना भाऊ दांडा जॉयस्टिक-कीबोर्डसकट पिशवीत घालून घेऊन गेला. निवड झाली. पेढे वाटले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "दांडा कुणी केला म्हणून सांगितलंस?"

"त्यांनी मला, तूच केलायस काय म्हणून विचारलं. मी मान हलवली. आता तिथं सगळी कथा सांगत बसू व्हय?"

तो गेल्यावर कॉम्प्युटर महिनाभर मोकळा होता. आयुष्यात तेवढा एकच महिना मी दिवसाढवळ्या, कुणाची वाट न बघता विमानं उतरवली. मग आप्पांनी तो पोतं घालून झाकून ठेवला. धूळ बसती म्हणाले.

आठ महिन्यांनी भाऊ परत आला. सुट्टीला आलोय असं पहिले दोन दिवस तो सांगत होता. तिसऱ्या दिवशी गच्चीवर वाळवण काढायला मी गेले, तेव्हा तो माझ्यामागं आला आणि टाकीच्या सावलीत बसला. म्हणाला, "मला जमत न्हाई, अक्का. जमीन जवळ आली की हात आखडत्यात. मास्तर दर वेळी माझ्या हातातनं विमान काढून घेत्यात. एकट्यानं उडवायची पाळी आली तर मी उतरूनच पळालो."

"आणि ते रिव्हर्स, थ्रॉटल?"

"शिकायच्या विमानाला रिव्हर्स नसतोच. एवढंसं विमान असतंय." मग म्हणाला, "आप्पांना भ्यालो म्हणून सांगू नगंस." मी नाही सांगणार म्हणाले. तो रडत होता आणि मी त्याची मोठी बहीण होते.

त्या संध्याकाळी आप्पांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, का आलास? त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या खेळामुळं हाताला उलट्या सवयी लागल्या. मास्तर बी तेच म्हणत्यात. खरं विमान निराळंच असतंय."

"मग तसलं खेळणं केलंस कशाला?"

"मी कुठं केलं? अक्कानं केलंय ते."

आप्पा माझ्याकडं वळले. भाऊ जायच्या आधी जे पोराचं डोकं होतं, ते आता माझं खेळणं झालं. "शिकली म्हणून नको तिथं हात घालायचा व्हय? भावाचं वाटोळं केलंस." मी भावाकडं बघत राहिले. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. गच्चीवर शब्द दिला होता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

त्या वर्षीच माझं लग्न झालं. इचलकरंजीजवळच्या कबनूरला दिलं, यंत्रमागाच्या घरात. मागाच्या मोटारी, स्टार्टर बिघडले की मीच बघते. नवऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, हे माझं नशीब. पण कोल्हापूरला लग्न असो, बारसं असो, कुणी तरी विचारायचंच, मुलगा पायलट होणार होता ना? आणि आप्पा मला ऐकू जाईल असं सांगायचे, "थोरलीनं खेळणं करून दिलं, त्यात गेलं सगळं."

सहा-सात वर्षांनी भावाचा फोन आला. तोवर कारखाना तोच बघत होता. हौस म्हणून त्यानं नवा कॉम्प्युटर आणि तयार थ्रॉटल घेतला होता. "अक्का, रिव्हर्स लागतोय आणि सुटतोय बघ." मी मागावरून उठून बाहेर आले आणि त्याला एकेक पायरी सांगितली. न सांगणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. पलीकडून इंजिनाची गर्जना ऐकू आली. तो खूश झाला.

मी म्हणाले, "आता एक कर. तू का परत आलास ते आप्पांना सांग."

"आता कशाला उकरून काढतीस? मी बी विसरलोय."

त्या रविवारी मी कोल्हापूरला गेले आणि आप्पांना स्वतःच सांगितलं. गच्ची, आखडलेले हात, सगळं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "तो यायच्या आधीच मास्तरांचा फोन आलता."

"मग इतकी वर्षं माझं नाव का घेतलं?"

"पोरगं भित्रं हाय म्हणून गावात सांगू व्हय? त्येला इथंच राहायचं हुतं. तू काय, परक्या घरी जाणारच हुतीस. तुला काय फरक पडला?"

मी अव्वाकडं बघितलं. ती म्हणाली, "जेवून जा." मी जेवले नाही. दुपारच्या इचलकरंजीच्या गाडीत जागा मिळाली नाही, कबनूरपर्यंत उभ्यानं आले.