थ्री-ओ-एट आणि ब्लाउजचं माप

"रायफलचं कॅलिबर बदलावं म्हणतोय," असं नवऱ्याने जाहीर केलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ती थ्री-ओ-एट म्हणजे त्याचा जीव की प्राण. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबा शहराच्या बाहेर जागा घेऊन मी शेळ्या पाळल्या, रानकुत्र्यांनी दोन पिल्लं फाडली, तेव्हा लायसन्स काढून त्याने ती आणली होती. गोळी मोठीच हवी, जनावर तडफडता कामा नये, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आणि आता म्हणे टू-फोर-थ्री! म्हणजे बारीक गोळी. गोळी आत सरकवणारा बोल्ट तोच राहतो, फक्त नळी बदलायची.

"का रे, अचानक?"

"कोविडमुळे गोळ्या मिळत नाहीयेत."

साफ खोटं. गोळ्यांची पेटी तो माझ्यासमोर उघडायचा, खोकी ठासून भरलेली होती. वर कुंपणापलीकडचा म्हातारा शेजारी मला म्हणाला, की त्याला स्वतःला टू-फोर-थ्रीच्याच गोळ्या कुठे मिळत नाहीयेत. मग हा मिळेल ते सोडून न मिळणारं कशाला घेतोय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तेव्हा नवऱ्याची ड्युटी हॉस्पिटलच्या आयसीयूत होती. शिफ्टवरून आला की गॅरेजमध्ये आंघोळ, झोपायला वेगळी खोली, आणि जेवायला व्हरांड्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. एका घरात राहून आम्ही एकमेकांना कित्येक आठवडे बोट लावलं नव्हतं. अशात माणसाच्या डोक्यात काय काय येतं! मला वाटलं, याचा खांदा दुखतोय, लपवतोय. मग वाटलं, रायफल विकायचीय, जागाही विकायचीय, मला न सांगता पुण्याला परतायचं ठरवलंय. मी त्याचे फोन कान देऊन ऐकायला लागले. मी आत गेले की तो आवाज खाली करायचा.

एका आरव्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मास्क लावून, हात धुऊन तो माझी शिवणाची टेप घेऊन आला. "हात दे जरा."

माझा राग विरघळला की हो! मला वाटलं, दिवाळीसाठी पुण्याच्या माझ्या टेलरकडून ब्लाउज शिवून घेतोय. मी गुपचूप त्या टेलरला गळ्याचं डिझाईनसुद्धा पाठवलं. त्याचा उलट मेसेज आला, 'ताई, मला कोणीच काही सांगितलं नाही.'

मग माझी ट्यूब पेटली. त्याने ना छातीचं माप घेतलं होतं, ना खांद्याचं. कोपराच्या खळगीपासून तर्जनीपर्यंत, म्हणजे चाप ओढायच्या बोटापर्यंत टेप लावली होती. असलं कसलं ब्लाउजचं माप?

तो व्हरांड्यात चहा पीत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "खरं सांग. रायफल कुणासाठी बदलतोयस?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खांद्याला टेकवायचा दस्ता तुझ्या हाताच्या मापाने कापायचाय. थ्री-ओ-एटचा धक्का तुला झेपणार नाही. माझ्या वयाची माणसं येतायत गं वॉर्डात. धडधाकट. मला काही झालं तर तू इथे एकटी, आणि ती कुत्री..."

"म्हणजे तू मरायची तयारी करतोयस, आणि मी इकडे गळ्याचं डिझाईन पाठवत बसले!" मी इतक्या जोरात ओरडले की शेळ्या बिचकल्या. मला भयंकर राग आला होता, आणि त्याहून भयंकर भीती वाटली होती.

तो म्हणाला, "नको असेल तर राहू दे. आहे तशीच ठेवू."

मी आत गेले, टेप घेऊन आले.

"बदल नळी. लायसन्सही काढते. पण शिकवायचं तू. दुसऱ्या कुणाकडून मी शिकणार नाही, सांगून ठेवते. आणि माप परत घे, त्या दिवशी मी जाड स्वेटर घातला होता."

त्याने मास्क चढवला, माझं कोपर हातात धरलं, टेप लावली. माप घेऊन झालं तरी त्याने हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.